खाज थांबली, पण रोग गेला का?

कोल्हापूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाला, सह्याद्रीच्या माथ्यावर आमचा चंदगड तालुका आहे. जूनमध्ये सुरू झालेला पाऊस इथे तीन-चार महिने पाठ सोडत नाही. भातलावणीसाठी माणसे दिवसभर चिखलात उभी असतात. मुलांचे गणवेश दोरीवर दोन-दोन दिवस ओलेच राहतात आणि तसेच दमट अंगावर चढतात. या दिवसांत जांघेत, काखेत, कमरेच्या नाडीखाली नायटा हटकून उठतो. उन्हाळ्यात तऱ्हा वेगळी असते. काजूच्या हंगामात बिया गोळा करणाऱ्या आणि फोडणाऱ्या हातांना टरफलातले तेल लागते. कातडी लाल होते, फोड येतात, पापुद्रे निघतात.

या दोन्ही तक्रारींत एक गोष्ट सारखी असते, ती म्हणजे खाज. त्यामुळे पुष्कळदा दोन्हींवर उपायही एकच केला जातो. औषधाच्या दुकानात जाऊन ‘खाजेची ट्यूब द्या’ असे सांगायचे, किंवा शेजाऱ्याला जिने गुण आला तीच ट्यूब आणायची. गंमत अशी की अशा ट्यूबमध्ये स्टेरॉइड असेल, तर खाज दोन्हीकडे थांबते. पण एकीकडे रोग उतरणीला लागलेला असतो, तर दुसरीकडे तो खाजेशिवाय, गुपचूप वाढत असतो.

असे का होते? ट्यूबवरच्या ०.०५ टक्के या आकड्याचा अर्थ काय? हातावर चालणारे मलम चेहऱ्यावर का चालत नाही? या प्रश्नांची उत्तरे वैद्यकात तर आहेतच. पण तुम्ही वर्गात शिकता त्या भौतिकशास्त्रातही आहेत.

एकच खाज, दोन कारणे

ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात आलेल्या गोऱ्या सैनिकांनी खाजेला एक नाव दिले होते, ‘धोबी इच’, म्हणजे धोब्याची खाज. धोब्याकडून धुऊन आलेल्या कपड्यांमुळे ती होते, अशी त्यांची समजूत होती. जांघेत उठणारी ही खाज बहुधा बुरशीमुळे, म्हणजे नायट्यामुळे होत असे आणि तिचा धोब्याशी फारसा संबंध नव्हता. पुढे दुसऱ्या महायुद्धात इथे आलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी काहींना जिथे कपड्यावर धोब्याची खूण होती, नेमके तिथेच, मानेच्या मागे किंवा कमरेपाशी, चट्टे उठले. हे चट्टे बुरशीचे नव्हते. कपडे ओळखण्यासाठी धोबी बिब्ब्याच्या रसाने खूण करीत, आणि त्या रसाचे सैनिकांच्या कातडीशी वैर होते. म्हणजे नाव एक, खाज एक. पण रोग दोन.

बिब्बा, काजू आणि आंबा ही तिन्ही झाडे एकाच कुळातली आहेत. बिब्ब्याच्या रसात आणि काजूच्या टरफलातील तेलात एकमेकांशी नाते सांगणारी तिखट रसायने असतात. ती कातडीला भाजतात, आणि काही माणसांत त्यांची अॅलर्जीही निर्माण होते. अशा वेळी कातडीवर कोणताही जंतू नसतो. जो काही गोंधळ चाललेला असतो, तो शरीराच्या स्वतःच्या संरक्षक पेशींचा असतो.

दाह म्हणजे काय?

कातडीत परका पदार्थ किंवा जंतू शिरला की संरक्षक पेशी धोक्याची सूचना देणारी रसायने सोडतात. त्यामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून जागा लाल आणि गरम होते. त्यांच्या भिंतींतून द्रव बाहेर झिरपतो, म्हणून सूज येते. मज्जातंतूंची टोके चाळवली जातात, म्हणून खाज किंवा वेदना होते. या साऱ्या प्रकाराला दाह म्हणतात. दाह हा मुळात रोग नव्हे; ती संरक्षणाची धावपळ आहे.

घरातला कुत्रा रात्री भुंकतो तसेच हे आहे. चोर आला असेल तर भुंकणे योग्यच. पण कधी कधी कुत्रा पाहुण्यावरही भुंकत राहतो आणि घरातल्या कुणाला झोपू देत नाही. इसब, बिब्ब्याची अॅलर्जी, सोरायसिस या विकारांत असा अनाठायी दाह असतो. तिथे कुत्र्याला शांत करणे हाच उपचार. नायट्यात मात्र चोर खरोखरच घरात शिरलेला असतो. तिथे कुत्र्याचे तोंड बांधले तर घरात शांतता होईल, पण चोरी थांबेल का?

स्टेरॉइडचे मलम कुत्र्याला गप्प करते. चोर पकडण्याचे काम त्याच्याकडे नाही. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तर या मलमाचे बहुतेक नियम आपोआप समजतात.

शरीरातलेच रसायन

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर अधिवृक्क नावाची एकेक लहान ग्रंथी असते. तिच्या बाहेरच्या भागात हायड्रोकॉर्टिसोन हे संप्रेरक तयार होते. दाह आटोक्यात ठेवणे हे त्याचे एक काम आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांनी या गटातील कॉर्टिसोन वेगळे काढले होते. सप्टेंबर १९४८ मध्ये त्यांचे सहकारी फिलिप हेंच यांनी ते सांधेदाहाने जखडलेल्या एका स्त्रीला दिले, आणि काही दिवसांतच ती चालू-फिरू लागली. केंडॉल, हेंच आणि स्वित्झर्लंडमधील ताडेउश राइखश्टाइन यांना १९५० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

साहजिकच, हे औषध कातडीवर लावून पाहण्याचा प्रयत्न झाला. कॉर्टिसोनचे मलम मात्र निरुपयोगी ठरले. १९५२ साली मॅरियन सुल्झबर्गर आणि व्हिक्टर विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोनचे मलम वापरले, आणि इसबावर त्याचा गुण आला. असे का? कॉर्टिसोनचे हायड्रोकॉर्टिसोनमध्ये रूपांतर झाल्याशिवाय ते काम करीत नाही, आणि हे रूपांतर मुख्यतः यकृतात होते. पोटात घेतलेले कॉर्टिसोन यकृतात पोहोचते; कातडीवर चोळलेले पोहोचत नाही.

हायड्रोकॉर्टिसोनचा रेणू पेशीत शिरतो, तिथल्या एका ग्राही रेणूला चिकटतो आणि दोघे मिळून पेशीच्या केंद्रकात जातात. तिथे ते दाहाची रसायने बनवणाऱ्या जनुकांचे काम मंदावतात. हे काम तास-दोन तासांत उरकणारे नाही, म्हणून मलम लावताच गुण दिसत नाही. ‘स्टेरॉइड’ हे नाव ऐकून खेळाडू चोरून घेतात ती औषधे तुमच्या डोळ्यांपुढे येतील. रेणूची ठेवण सारखी असल्यामुळे नाव एक आहे, पण ती औषधे निराळी आणि त्यांचे कामही निराळे.

कातडीची भिंत आणि फिकचा नियम

आता भौतिकशास्त्राकडे वळू. मलमातले औषध कातडीत जाते ते विसरणाने. पाण्यात शाईचा थेंब टाकला की तो आपोआप पसरतो, तीच ही क्रिया. जर्मन शास्त्रज्ञ अॅडॉल्फ फिक यांनी १८५५ साली तिचा नियम सांगितला. सोप्या शब्दांत तो असा : दर सेकंदाला पलीकडे जाणारा पदार्थ हा दोन बाजूंच्या संहतींतील फरकाच्या आणि क्षेत्रफळाच्या सम प्रमाणात असतो, तर मधल्या थराच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो. शिवाय तो थर कशाचा बनला आहे यावरही ते अवलंबून असते.

कातडीत हा अडवणारा थर म्हणजे सर्वांत वरचा मृत पेशींचा थर. चपट्या मृत पेशी म्हणजे विटा आणि त्यांमधला स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना, अशी ही भिंत असते. हाताच्या आतल्या बाजूला तिची जाडी मिलिमीटरचा शंभरावा-पन्नासावा भाग इतकीच असते, पण तेवढीही बहुतेक औषध अडवते. कोपराखालील हाताच्या निरोगी कातडीवर हायड्रोकॉर्टिसोन लावले तर त्यातले शेकडा एकच्या आसपासच शरीरात शिरते.

या नियमातून चार व्यावहारिक गोष्टी निघतात.

पहिली : जाड थर लावून उपयोग नाही. विसरणाचा वेग ठरतो तो कातडीला टेकलेल्या मलमाच्या संहतीवर. वर आणखी थापले म्हणून खालची संहती वाढत नाही. जादा मलम कपड्याला लागते आणि पैसे वाया जातात.

दुसरी : कातडी झाकली की औषध जास्त शिरते. प्लॅस्टिकने किंवा घट्ट पट्टीने जागा बांधली तर घाम आत कोंडतो, मृत पेशी पाण्याने फुगतात, विटांची भिंत सैल होते आणि औषध अनेक पटींनी आत जाते. तान्ह्या मुलाला प्लॅस्टिकचे लंगोट बांधले की नकळत हेच घडते. काख आणि जांघ तर निसर्गतःच झाकलेल्या असतात.

तिसरी : लहान मुलांना धोका जास्त. साडेतीन किलोच्या अर्भकाच्या कातडीचे क्षेत्रफळ सुमारे ०.२२ चौरस मीटर असते, तर ६० किलोच्या प्रौढाचे सुमारे १.६५ चौरस मीटर. भागाकार करून पाहा. अर्भकाच्या दर किलोमागे सुमारे ६३० चौरस सेंटिमीटर कातडी येते, प्रौढाच्या दर किलोमागे २७५. म्हणजे अंगभर सारखेच मलम लावले तरी बाळाला वजनाच्या मानाने दुपटीहून जास्त औषध मिळते.

चौथी : वारंवार लावण्याची गरज नाही. १९६३ साली व्हिकर्स या संशोधकाला असे आढळले की औषध मृत पेशींच्या थरात साठून राहते आणि कित्येक दिवस थोडे थोडे झिरपत असते. म्हणून बहुतेक मलमे दिवसातून एकदा, फार तर दोनदा लावण्यास सांगतात. खाज सुटली की लाव, असे हे औषध नव्हे.

हातावर एक, जबड्यावर तेरा

शरीरावर सगळीकडे ही भिंत सारखी नसते. १९६७ साली अमेरिकेतील फेल्डमन आणि मायबाख यांनी याचे मोजमाप केले. त्यांची युक्ती भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला आवडेल अशी आहे. त्यांनी हायड्रोकॉर्टिसोनच्या रेणूत किरणोत्सर्गी कार्बन-१४ बसवला, ते औषध निरोगी पुरुषांच्या शरीरावर निरनिराळ्या जागी लावले आणि पुढील काही दिवस लघवीतील किरणोत्सर्ग मोजला. जितका किरणोत्सर्ग जास्त, तितके औषध जास्त शिरले. कोपराखालील हाताच्या आतल्या बाजूला १ मानले, तर इतर जागांचे आकडे असे आले :

तळपाय : ०.१४
तळहात : ०.८३
पाठ : १.७
डोक्याची कातडी : ३.५
काख : ३.६
कपाळ : ६
जबड्याची कड : १३
वृषणांवरील कातडी : ४२

हे आकडे नीट पाहा. एकच ट्यूब, एकच माणूस. पण तळपायाच्या मानाने जबड्याच्या कडेला जवळजवळ ९० पट औषध शिरते. टाचेच्या भेगाळ इसबासाठी डॉक्टरांनी दिलेले तीव्र मलम घरातल्या कुणी चेहऱ्यावर किंवा जांघेत लावले, तर काय होईल याचा अंदाज आता तुम्हीच करू शकाल. पापणीची कातडी तर सर्वांत पातळ. डोळ्याभोवती फार दिवस हे मलम लावल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू, किंवा मोतीबिंदू होण्याची भीती असते.

टक्केवारीचा चकवा

आता ट्यूबवरचा आकडा. हायड्रोकॉर्टिसोनचे मलम सामान्यतः १ टक्क्याचे असते. क्लोबेटासोलचे असते ०.०५ टक्क्याचे. यातले सौम्य कोणते? गणितात शंभर गुण मिळवणारा विद्यार्थीही चटकन ‘क्लोबेटासोल’ म्हणेल, आणि चुकेल. क्लोबेटासोल हे या गटातील सर्वांत तीव्र औषधांपैकी एक आहे. त्याचे बळ हायड्रोकॉर्टिसोनच्या सुमारे ६०० पटीपर्यंत मानतात.

१९५०च्या दशकात रसायनशास्त्रज्ञांना असे आढळले की या रेणूत फ्लोरिनचा अणू बसवला की त्याचे बळ वाढते. पुढे रेणूला असे गट जोडले गेले की तो स्निग्ध भिंतीतून सहज पार व्हावा. क्लोबेटासोलमध्ये फ्लोरिन आणि क्लोरिन दोन्ही आहेत. टक्केवारी फक्त रेणूंचे प्रमाण सांगते. एकेक रेणू किती बळाचा आहे हे सांगत नाही. एक मिरची आणि एक काकडी यांचे वजन सारखे असले म्हणून तिखटपणा सारखा नसतो.

हे बळ मोजतात कसे? १९६२ साली मॅकेन्झी आणि स्टाउटन यांनी सोपी कसोटी शोधली. स्टेरॉइडमुळे कातडीतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि ती जागा फिकट दिसू लागते. हातावर निरनिराळी औषधे लावायची आणि कोणती जागा किती फिकट होते ते पाहायचे. या फिकटपणाची आठवण ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

मलमांचे साधारण चार वर्ग करतात. हायड्रोकॉर्टिसोन सौम्य, त्यावर मध्यम, मग बीटामेथासोन व्हॅलरेट, मोमेटासोन यांसारखी तीव्र, आणि क्लोबेटासोल अतितीव्र. ट्यूबवरील बारीक अक्षरांत नावाच्या शेवटी ‘सोन’, ‘सोलोन’ किंवा ‘टासोल’ दिसले, तर त्यात बहुधा स्टेरॉइड आहे असे समजावे. शेवटी ‘कोनॅझोल’ असेल तर ते बुरशीवरचे औषध. एकाच ट्यूबवर दोन्ही तऱ्हेची नावे असतील, तर ती मिश्र ट्यूब होय.

नायट्याचे वेषांतर

नायटा सहसा गोल असतो. त्याची कड उठावदार, लाल, खवलेदार असते आणि मधला भाग निवळत आलेला दिसतो. ही कड म्हणजे बुरशी आणि संरक्षक पेशी यांच्यातील लढाईची आघाडी. तिच्यावर स्टेरॉइड लावले की लढणाऱ्या पेशी माघार घेतात. लाली जाते, खाज थांबते, रुग्ण खूश होतो. बुरशीला मात्र रान मोकळे मिळते. ट्यूब बंद करताच खाज दुप्पट जोराने परत येते. मग रुग्ण दुसरी ट्यूब आणतो. काही आठवड्यांनी चट्ट्याचा गोल आकारही हरवतो आणि अनुभवी डॉक्टरलाही तो ओळखणे अवघड जाते. १९६८ साली इंग्लंडमधील आइव्ह आणि मार्क्स यांनी या प्रकाराचे वर्णन केले आणि त्याला ‘वेषांतर केलेला नायटा’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले.

ही गोष्ट एका रुग्णापुरती राहिलेली नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत भारतात नायटा फार हट्टी झाला आहे. एकाला झाला की घरातल्या सर्वांना होतो, आणि पूर्वी ज्या औषधाने तो जाई त्या टर्बिनाफिनला पुष्कळदा दाद देत नाही. २०२० साली जपानमधील संशोधकांनी या बुरशीच्या एका जातीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव दिले. त्या नावातले ‘इंडो’ म्हणजे आपला भारत. ती आता जगातील अनेक देशांत पोहोचली आहे. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि जंतुनाशक एकत्र असलेल्या मिश्र ट्यूबांचा मन मानेल तसा वापर हे या हट्टीपणाचे एक महत्त्वाचे कारण असल्याचे त्वचारोगतज्ज्ञ मानतात. २०१८ साली केंद्र सरकारने ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यांत अशी काही मलमेही होती. त्याच वर्षी स्टेरॉइडची अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई करण्यात आली. पण कागदावरचा नियम गावच्या दुकानापर्यंत पोहोचायचा तर गिऱ्हाईकही जाणते हवे.

गोरेपणाचा भ्रम

हा भाग खास तुमच्या वयाच्या वाचकांसाठी आहे. मुरुमे घालवण्यासाठी किंवा उजळ दिसण्यासाठी काही मुले-मुली स्टेरॉइड असलेली क्रीम चेहऱ्यावर लावतात; कित्येकदा त्यात स्टेरॉइड आहे हे त्यांना ठाऊकच नसते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतातील अनेक केंद्रांत मिळून केलेल्या एका पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले. त्यांपैकी ४३३ जण, म्हणजे शंभरात सुमारे १५, चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते.

सुरुवातीला चेहरा खरोखरच उजळ दिसतो. का? मॅकेन्झी आणि स्टाउटन यांची कसोटी आठवा. रक्तवाहिन्या आकसल्यामुळे लाली कमी होते, आणि रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशीही मंदावतात. हा गोरेपणा नव्हे. औषध कातडीत शिरल्याची ती खूण आहे. काही आठवड्यांनी वा महिन्यांनी खरे रूप दिसू लागते. कातडी पातळ होते, तिच्यातून लाल रक्तवाहिन्या जाळीसारख्या दिसतात, पुटकुळ्या उठतात, नको तिथे लव वाढते. क्रीम बंद केली तर चेहरा लालबुंद होऊन आग होते, म्हणून माणूस पुन्हा तीच क्रीम लावतो. जांघेत आणि काखेत जास्त दिवस वापरल्यास पांढुरके-लालसर ताणाचे पट्टे पडतात आणि ते कायमचे राहतात. पुष्कळ दिवस, पुष्कळ जागेवर तीव्र मलम लावले तर औषध रक्तात उतरून अधिवृक्क ग्रंथींचे स्वतःचे काम मंद पडू शकते. लहान मुलांत वाढीवरही परिणाम होऊ शकतो.

चेहऱ्यावर अशी क्रीम बरेच दिवस लावली असेल, तर घाबरून एकाएकी काही करण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञाला ट्यूब दाखवावी. ती कशी थांबवायची हे ते सांगतील.

भीतीही नको

एवढे वाचून कुणी ठरवील की स्टेरॉइड म्हणजे विषच. तेही चूक आहे. इसबाने रात्र-रात्र खाजवणारे मूल झोपत नाही, त्याचे अभ्यासात लक्ष लागत नाही, खाजवून झालेल्या जखमांत जंतू शिरतात. अशा मुलाच्या आईला डॉक्टरांनी योग्य बळाचे मलम दिले आणि तिने ऐकीव भीतीपोटी ते लावलेच नाही, किंवा दोन दिवसांत बंद केले, तर नुकसान मुलाचेच होते. योग्य रोगावर, योग्य जागी, योग्य बळाचे, योग्य प्रमाणात आणि ठरलेले दिवस वापरले तर हे मलम सत्तर वर्षांहून अधिक काळ माणसाच्या उपयोगी पडलेले उत्तम औषध आहे.

प्रमाण कसे ठरवायचे? १९९१ साली लाँग आणि फिनले या डॉक्टरांनी एक सोपे माप प्रचारात आणले. प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या घडीपर्यंत ट्यूबमधून मलमाची रेघ काढायची. हे झाले एक पेरभर. त्याचे वजन सुमारे अर्धा ग्रॅम भरते. बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला ते पुरते. त्यांच्या मोजणीप्रमाणे प्रौढाच्या एका हाताच्या पंजाला, दोन्ही बाजू धरून, १ पेर. एका पूर्ण बाहूला ३. एका पायाला ६. पाऊल वेगळे, त्याला २. मूल लहान असेल तर माप मोठ्या माणसाच्या बोटाचेच घ्यायचे, पण जागा लहान म्हणून पेरे कमी लागतात. किती ते डॉक्टरांकडून विचारून घ्यावे.

यावरून ट्यूब किती दिवस पुरावी याचा हिशोब निघतो. समजा, एका तळहाताएवढ्या चट्ट्याला दिवसातून एकदा मलम लावायचे आहे. म्हणजे दर वेळी पाव ग्रॅम. १५ ग्रॅमची ट्यूब ६० दिवस पुरायला हवी. ती दहा दिवसांत संपली, तर सहापट मलम लावले गेले. उलट डॉक्टरांनी सांगितलेले दिवस उलटले आणि ट्यूब भरलेलीच आहे, तर गुण का येत नाही याचे उत्तर त्या ट्यूबमध्येच आहे.

लक्षात ठेवण्याजोगे

१. खाज हे लक्षण आहे, रोग नव्हे. रोग कोणता हे ठरल्याशिवाय स्टेरॉइडची ट्यूब उघडू नये. नायटा, खरूज, कांजिण्या, पिकलेली जखम आणि मुरुमे यांवर ती स्वतःच्या मनाने कधीही लावू नये.

२. दुसऱ्याची ट्यूब वापरू नये, आणि आपली जुनी ट्यूब नव्या चट्ट्यावर वापरू नये.

३. मलम पातळ, हलक्या हाताने, फक्त चट्ट्यावर लावावे. नंतर हात धुवावेत. हातावरच लावले असेल तर गोष्ट वेगळी. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय वरून पट्टी किंवा प्लॅस्टिक बांधू नये.

४. किती दिवस लावायचे हे पहिल्या भेटीतच विचारून घ्यावे. क्लोबेटासोलसारखी अतितीव्र मलमे सलग दोन आठवड्यांहून जास्त आणि आठवड्याला ५० ग्रॅमहून जास्त वापरू नयेत, अशी मर्यादा आहे.

५. इसबात कातडी कोरडी पडू न देणे हा निम्मा उपचार आहे. व्हॅसलिनसारखे साधे स्निग्ध मलम रोज लावल्यास स्टेरॉइडची गरज कमी होते.

६. कारण दूर केल्याशिवाय कोणतेच मलम पुरे पडत नाही. काजू फोडताना हातमोजे घालावेत किंवा हातांना तेल चोळून काम करावे. पावसाळ्यात कपडे पूर्ण वाळवून, जमल्यास इस्त्री करून घालावेत, टॉवेल ज्याचा त्याने वेगळा ठेवावा, आणि नायट्यावरचे औषध खाज थांबली तरी डॉक्टर सांगतील तोपर्यंत चालू ठेवावे.

ट्यूबवर लाल उभी रेघ असेल तर तिचा अर्थ ‘डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय नको’ असा आहे. गावापासून त्वचारोगतज्ज्ञ दूर असला तरी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय जवळ असते. गरज पडल्यास तिथून पुढे, कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिला राजे रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी पाठवता येते. जाताना आतापर्यंत लावलेल्या सर्व ट्यूबा, रिकाम्यासुद्धा, बरोबर न्याव्यात.

करून पाहा

आलेख कागदावर मोठ्या माणसाचा पंजा, बोटे जुळवून, ठेवायला सांगा. त्याची बाह्यरेखा काढून चौकोन मोजा आणि क्षेत्रफळ काढा; ते १५० चौरस सेंटिमीटरच्या आसपास येईल. आता साध्या व्हॅसलिनची पेरभर रेघ घ्या (औषधी मलम घेऊ नका) आणि ती त्या माणसाच्या दोन्ही तळहातांवर सारखी पसरा. तिचे आकारमान सुमारे ०.५ घन सेंटिमीटर धरून थराची जाडी काढा. ०.५ भागिले ३००, म्हणजे ०.००१७ सेंटिमीटर, किंवा सुमारे १७ मायक्रॉन. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे मलमाचा योग्य थर केसाच्या जाडीच्या चौथ्या हिश्श्याएवढाच असतो. हा प्रयोग वर्गात झाल्यावर घरीही दाखवा, आणि घरच्या कपाटात पडलेल्या ट्यूबांवरची बारीक अक्षरे एकदा मोठ्याने वाचून काढा.